चारही आवाज माझेच, चारही सुरात, मग एकत्र लावले की कसंतरीच का वाटतं?

चौघातला_मी
मंडळी, गेले तीनेक महिने एक खूळ डोक्यात बसलंय. स्वतःचाच आवाज एकावर एक रेकॉर्ड करत चार आवाजांची क्लोज हार्मनी गायची. क्लोज म्हणजे सगळे सूर एकमेकांना खेटून, साधारण एका सप्तकाच्या आत, आणि वाद्य एकही नाही. कीबोर्डवर चारही ओळी आधी वाजवून ठेवल्या, हेडफोनमध्ये एकेक ओळ ऐकायची आणि तिच्यावर गायचं, असं करत चौघं उरकले. समोर ट्यूनर ॲप होतं, जिथे सुई हलली तिथे परत गायलो. सुटा सुटा ट्रॅक ऐकला तर माझं मलाच कौतुक वाटतं.

आणि चौघांना एकत्र सोडलं की सगळं मुसळ केरात. एकतर चार माणसं गातायत असं वाटतच नाही, एकाच माणसाच्या चार झेरॉक्स काढल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे लांबवलेल्या सुरांवर एक खरखरीत थरथर येते, खिडकीची काच सैल झाल्यावर वाजते ना तशी. खरे चार जण गातात तेव्हा सूर फुलतो, खोली भरते, ते काहीच नाही. सगळे सुरात असताना एकत्र बेसूर कसे होतात? माइक बदलू का?

नुसताच_वाचक
आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार!

बफर_भाऊ
माइकला हात लावू नका, सगळे आधी माइकवरच घसरतात. हेडफोन वायरचा की ब्लूटूथ ते सांगा. ब्लूटूथ असेल तर आवाज कानापर्यंत यायलाच १००-२०० मिलिसेकंद लागू शकतात, तुम्ही त्या उशिरा आलेल्या आवाजावर गाता, मग तुमचा आवाज अजून मागे पडतो आणि चौथ्या ट्रॅकपर्यंत वरात लांबते. वायरचा असेल तर बफर (आवाजाचे किती नमुने साठवून संगणक पुढे सोडतो तो आकडा) किती ठेवलाय? ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सहाच्या आत. सहाचं काही वाटत नाही, तेवीस जाणवतात.

सोपी चाचणी: हेडफोनचा एक कप माइकला चिकटवा, क्लिक वाजवा, ती रेकॉर्ड करा. मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेली क्लिक स्क्रीनवर एकाखाली एक दिसली पाहिजेत. सरकलेली असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तेवढी भरपाई टाका, काम संपलं.

चौघातला_मी
पहिला महिना ब्लूटूथच होता, सांगायला लाज वाटत होती :) तेव्हा शब्द सुटे सुटे पडायचे, ते आता थांबलंय. आता वायरचा आहे, बफर १२८. पण काच वाजतेच.

लसावि
काच बफरने वाजत नाही, ती कीबोर्डने वाजतेय. आणि तुमच्या ट्यूनर ॲपने.

ॲप ज्याला हिरवं म्हणतं तो हिशोब असा की सप्तक म्हणजे १२०० सेंट, त्याचे बारा सारखे तुकडे, प्रत्येकी १००. त्यात शुद्ध गंधार पडतो ४०० वर. पण सा आणि ग एकत्र लावल्यावर जे गुणोत्तर कानाला गुळगुळीत लागतं ते ५:४ आणि ते येतं ३८६ सेंटवर. म्हणजे तुमचा गंधार १४ सेंट चढा आहे. एकटा ऐकला तर कुणालाही कळणार नाही, सा शेजारी बसला की कळतं.

थरथर कुठून येते तेही बघा. सा २२० हर्ट्झ धरू. ५:४ चा गंधार २७५. कीबोर्डचा २७७.१८. आता आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे अंशही असतातच. सा चा पाचवा अंश ११००. तुमच्या गंधाराचा चौथा अंश ११०८.७. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळपास नऊ ठोके पडतात. तीच तुमची काच. गंधार २७५ ला आणा, दोन्ही अंश ११०० वर एकावर एक बसतात, ठोके थांबतात आणि जो सूर 'फुलतो' म्हणताय तो हाच.

पंचमाची काळजी नको, ७०२ आणि ७००, दोनच सेंट. पण मायनर कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकदम लावलेले तीन-चार सूर, मायनर म्हणजे कोमल गंधारवाला, मेजर म्हणजे शुद्ध गंधारवाला) कोमल गंधार उलटा वागतो, तो ३१६ हवा, कीबोर्ड देतो ३००. म्हणजे तिथे सोळा वर चढायचं.

नुसताच_वाचक
शाळेत लसावि कशाला शिकवतात हे आज कळलं.

गंधारी
लसाविंनी आकड्यात सांगितलं ते आमच्या बाई तानपुऱ्यावर दाखवायच्या. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो कुणी छेडलेला नसतो, तारेतच असतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच, पाचवा अंश. पेटीचा गंधार चढा म्हणून गवयी पिढ्यानपिढ्या कुरकुरतायत ती कुरकुर आणि चौघातला_मी यांची काच एकच आहे, गंमत बघा. कणसूर हा शब्द आपल्याकडे आहेच की, बेसूर नाही, कणभर इकडेतिकडे. तुम्ही बेसूर नाही आहात, कणसूर आहात.

मी स्वतः दोन वर्षं हा उद्योग करतेय (तीन आवाज, चार झेपत नाहीत). माझा उपाय सोपा आहे. कीबोर्डची ओळ फक्त पाठ करायला वापरा आणि गाताना बंद करा. तानपुरा लावा आणि त्यावर गा. पहिल्यांदा केलं तेव्हा गंधार इतका खाली वाटला की मीच चुकले म्हणून तीनदा थांबले. नंतर कानाला जुना गंधार टोचायला लागला.

लसावि
गंधारीताई, एक अडचण. तानपुऱ्याचा सा एका जागी. हार्मनीत कॉर्ड बदलला की मूळ सूर बदलतो. मूळ जर पंचम झाला तर त्याचा 'गंधार' म्हणजे निषाद, मूळ मध्यम झाला तर धैवत. कुणाचा कोण गंधार हे दर मात्रेला बदलणार.

गंधारी
हो की. मग बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, हा चालता तानपुरा समजायचा. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून सूर लावायचा.

लसावि
चालता तानपुरा! हे घेतलं.

स्पष्टवक्ती
राग मानू नका पण नाचता येईना अंगण वाकडं असा सगळा प्रकार चाललाय. बफर काय, सेंट काय. वीस वर्षं समूहात गाते, आमच्यातल्या निम्म्यांना सेंट म्हणजे अत्तर वाटेल, तरी सूर जुळतात, कारण आम्ही एकमेकांचं ऐकतो. शेजारची श्वास कधी घेतेय ते पाठीला कळतं. खोलीत एकटं बसून स्वतःशीच गायचं आणि त्याला हार्मनी म्हणायचं हे मला पत्ते एकट्याने खेळण्यासारखं वाटतं. वेळ जातो. डाव होत नाही.

टेपवाले_आजोबा
स्पष्टवक्ती बाई, एकट्याने पत्ते खेळणाऱ्यांनीच अर्धं रेकॉर्डिंगशास्त्र उभं केलंय बरं का. जरा विषयांतर करतो, वयाची सवलत द्या.

१९४१ साली सिडनी बेशे या जॅझवादकाने एकाच गाण्यात सहा वाद्यं स्वतः वाजवली, तीही टेपशिवाय. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत वाजवत दुसरी कोरायची, तिच्यासोबत तिसरी. १९४८ च्या सुमारास पॅटी पेज या अमेरिकन गायिकेने स्वतःच्या आवाजाला स्वतःच उत्तर दिलं, कारण मागे गाणारे परवडत नव्हते. म्हणजे हौस नंतरची, आधी चणचण! मग लेस पॉल आणि मेरी फोर्ड हे अमेरिकन जोडपं. गिटारी त्याच्या, आणि एकाच मेरी फोर्डचे तीन-तीन चार-चार आवाज खेटून. क्लोज हार्मनी स्वतःशी गाणं हे लोकांच्या कानात बसलं ते १९५१ च्या त्यांच्या गाण्यांनी.

आणि त्यांची पद्धत ऐकाल तर बफरची तक्रार करणार नाही. आधीचा आवाज वाजतोय, त्यावर नवीन गायचं, दोन्ही मिळून एकाच टेपवर उतरणार, मागचं पुसलं जाणार. दहाव्या थराला चूक झाली की पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक फेरीत जुन्या थरांची धार जायची, म्हणून जो आवाज कमी महत्त्वाचा तो आधी आणि मुख्य आवाज सगळ्यात शेवटी. वेगवेगळे आठ ट्रॅक असलेलं यंत्र लेस पॉलच्या हातात आलं १९५७ ला. घरगुती म्हणावं असं कॅसेटवरचं चार ट्रॅकचं यंत्र तर १९७९ चं. आमच्याकडे तसलंच एक होतं. तीन ट्रॅक भरायचे, ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे, तीन मोकळे करून परत भरायचे. एकदा एकत्र केलं की बेस मोठा झाला म्हणून रडायची सोय नाही.

घसादुखी
आजोबा अजून लिहा. (धागाकर्ते रागावले तर माझं नाव सांगा)

टेपवाले_आजोबा
एवढंच सांगून थांबतो मग. १९७५ ला टेनसीसी नावाच्या इंग्लिश बँडने तीन जणांना एकच सूर सोळा वेळा गायला लावला, म्हणजे एका सुराला अठ्ठेचाळीस आवाज, आणि असे बरेच सूर वेगवेगळे साठवून मिक्सरच्या खटक्यांवर वाद्यासारखे वाजवले. आणि १९८८ ला बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं निव्वळ स्वतःच्या गळ्यातून निघालेलं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, वाद्य शून्य. शीळसुद्धा त्याचीच. हा सगळा एकट्याचाच डाव.

स्पष्टवक्ती
मान्य, इतिहास दांडगा आहे. पण आजोबा, तुमच्या यादीतल्या कुणालाच 'मला कोणी ऐकत नाही' ही अडचण आली नसेल का? माझा मुद्दा तोच आहे. तुमच्या हेडफोनमधला माणूस तुमचं ऐकत नाही.

उरलासुरला
हे वाक्य सोन्याचं आहे आणि बाईंना माहीत नाही की त्यांनी धाग्याचं उत्तर दिलंय.

आधी ओळख. बार्बरशॉप पद्धतीच्या (वाद्याशिवाय चार आवाजांची अमेरिकन क्लोज हार्मनी) चौकडीत गातो, बॅरिटोन. चाल लीडकडे, वर टेनर, खाली बेस, आणि आमच्या वाट्याला उरलेसुरले सूर. म्हणून हे नाव. चालीशिवाय आमची ओळ गाऊन दाखवली तर घरचे विचारतात बरं वाटत नाहीये का.

तर. खऱ्या चौघांत काय होतं, मी गंधार लावला, किंचित चढा लागला, बेसने ऐकलं आणि तो नकळत केसभर सरकला, टेनरने स्वर थोडा उघडला, लीडने जोर कमी केला. चौघंही सतत मांडवली करत असतात. स्वतःशी गाताना पहिला ट्रॅक दगडावरची रेघ. दुसरा आवाज त्याच्याशी जुळवून घेतो, तिसरा दोघांशी, चौथा तिघांशी. पहिला कुणाशीच जुळवत नाही कारण तो गात होता तेव्हा बाकीचे जन्माला आले नव्हते! आणि तुम्ही तर चौघांनाही कीबोर्डशी जुळवलंत. म्हणजे एका खोलीत चार जण, सगळे भिंतीकडे तोंड करून. एकमेकांशी कुणाची ओळखच नाही.

मी काय करतो: चौघं रेकॉर्ड करायचे आणि मग पहिला ट्रॅक बंद करून तो परत गायचा, बाकी तिघांना ऐकत. मग दुसरा बंद करून तोही. बहुतेक वेळा एक फेरी पुरते. पहिल्या वेळचं जे गायलेलं असतं ते वाया गेलं समजू नका, ते शिडीसारखं, वर चढलात की काढून घ्यायचं.

बाकी सुटे मुद्दे, वेळ मिळेल तसे:

जोर सारखा ठेवू नका. बेस आणि लीड पुढे, गंधार ज्याच्याकडे असेल तो सगळ्यात हळू. गंधार मोठा झाला की कितीही खरा असला तरी कॉर्ड आंबल्यासारखा लागतो.

झेरॉक्सचं दुखणं वेगळं आहे. चौघांचा घसा एकच, तोंडाची पोकळी एकच, त्यामुळे 'आ' म्हटलं की चौघांचा उठाव एकाच जागी. याचा फायदाही आहे, सख्ख्या भावंडांचे आवाज जुळतात तसे जुळतात, १९३० च्या दशकातल्या बॉसवेल बहिणी ऐका. पण अति झालं की सपाट होतं. मी बेस गाताना ओठ गोल करून गळा ऐसपैस सोडतो, टेनरला हसऱ्या तोंडाने गातो. प्रत्येक आवाज वेगळा माणूस आहे असं मनात धरून. माझा टेनर थोडा आगाऊ आहे.

नुसताच_वाचक
चार माणसं डोक्यात घेऊन फिरता आणि घरचे विचारतात बरं वाटत नाहीये का. बरोबरच विचारतात.

बफर_भाऊ
उरलासुरला +१. तांत्रिक बाजूने एक भर. चारही ट्रॅक एकाच जागी उभं राहून गायलात ना? मग खोलीचा जो काही डबडा गुण आहे तो चार वेळा साठला. एकेका आवाजाला जागा बदला, माइकपासूनचं अंतर बदला. माइकच्या अगदी जवळ गेलं की खालचा भाग फुगतो, बेसला तो चालतो, बाकीच्यांनी वीतभर लांब राहावं. मग पसरवताना लीड आणि बेस मध्ये, दुसरे दोघे डावी-उजवीकडे.

आणि खरखर साठते हेही लक्षात ठेवा. ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की पार्श्वभूमीचा आवाज ३ डेसिबलने वाढतो. सोळा ट्रॅक म्हणजे १२. पंखा बंद करून गा.

घसादुखी
माझा बाळबोध प्रश्न. एकच ट्रॅक कॉपी करून दोनदा ठेवला तर दोन माणसं होत नाहीत का? परत गायचा त्रास वाचेल.

बफर_भाऊ
नाही. तोच आवाज ६ डेसिबलने मोठा होतो, बस. थोडा सरकवून ठेवलात तर पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो. दोन माणसं वाटायला दोघांत सतत बारीक बारीक फरक पडत राहावा लागतो, वेळेतही आणि सुरातही.

टेपवाले_आजोबा
घसादुखी, तुमच्या आळशीपणाला मोठी परंपरा आहे. बीटल्सच्या जॉन लेननला तेच गाणं परत गायचा कंटाळा यायचा, म्हणून १९६६ मध्ये ॲबी रोड स्टुडिओच्या केन टाउनसेंड या इंजिनिअरने तोच आवाज दुसऱ्या टेपयंत्रातून फिरवून, त्याचा वेग किंचित हलता ठेवून, मूळ आवाजाशेजारी आणून बसवला. कृत्रिम जोडआवाज. पण तो एकाच सुरातला जोड. हार्मनीला तुम्हाला गावंच लागणार.

घसादुखी
हरकत नाही. माझा एक अनुभव देतो मग. सर्दी झाली की मला खाली दोन सूर जास्त मिळतात. सगळे बेस ट्रॅक मी सर्दीत उरकतो. सकाळी उठल्या उठल्याही थोडे मिळतात पण सर्दीची मजा नाही.

गंधारी
अहो पण मग बेस सर्दीतला आणि लीड आठ दिवसांनी बरा झाल्यावरचा, झेरॉक्सचा प्रश्नच मिटला! (गळ्याला जपा मात्र, बसलेल्या घशाने जोर लावू नका.)

चौघातला_मी
बरंच काही करून पाहिलं, अहवाल देतो.

कीबोर्ड बंद केला. फक्त सुरुवातीचा सा घेतला आणि बेस गायलो, मग त्यावर लीड, मग बाकीचे. काच जवळजवळ गेली! एका ठिकाणी तर कॉर्ड असा लागला की वर एक पाचवा सूर ऐकू आला, जो कुणीच गात नव्हतं. मी हेडफोन काढून इकडेतिकडे बघितलं. खरंच.

पण नवीन पीडा. दुसऱ्या कडव्यानंतर मूळ पट्टी ताडून पाहिली तर खाली आलेली. पहिल्यांदा वाटलं दमलो. दुसऱ्या दिवशी ताज्या गळ्याने गायलो, परत खाली, तेवढाच. आता काय?

स्पष्टवक्ती
पाचवा सूर ऐकू आला ना? आता समूहात या. रोज ऐकू येतो.

लसावि
किती खाली? दर कडव्याला विसेक सेंट का?

चौघातला_मी
दोन कडव्यांत चाळीसच्या आसपास. तुम्ही ज्योतिष बघता का?

लसावि
नाही, गुणाकार. तुमच्या कडव्यात कॉर्ड असे असणार: सा चा मेजर, मग धैवताचा मायनर, मग रिषभाचा मायनर, मग पंचमाचा मेजर, परत सा. प्रत्येक बदलात जो सूर दोन्ही कॉर्डमध्ये आहे तो तुम्ही प्रामाणिकपणे धरून ठेवता आणि बाकीचे त्याच्याशी शुद्ध जुळवता. करा हिशोब. सा १. धैवत ५/३. त्याच्यावरून रिषभ १०/९. त्याच्यावरून पंचम ४०/२७. आणि त्याच्यावरून परत येणारा सा ८०/८१. म्हणजे एका फेरीत ८१ ला एक घसरलात, साडेएकवीस सेंट. दोन कडव्यांत त्रेचाळीस. तुम्ही दमला नव्हतात, तुम्ही फार शुद्ध गायलात.

नुसताच_वाचक
शुद्ध गायलं म्हणून खाली पडलो. कोर्टात टिकेल का हे?

गंधारी
आमच्याकडे ही भानगडच नाही, सा खुंटीला बांधलेला. पण म्हणूनच कॉर्डही फिरत नाहीत. दोन्ही सुखं एका घरात नांदत नाहीत बहुतेक. मला उगाच वाटत होतं की तानपुरा लावला की प्रश्न सुटला, तुमच्या त्या चाळीस सेंटने माझाच समज मोडला.

उरलासुरला
व्यवहारात उपाय सोपा. घसरण एका जागी होते, बहुतेक त्या रिषभावर. तिथे धरलेला सूर जरासा वर सरकवायचा, मात्रा बदलताना, कुणाला कळत नाही. खरी चौकडी हे न बोलता करते. चालता तानपुरा बेस आहे म्हणालात ना, मग ती जबाबदारी बेसची. किंवा घसरू द्या. शेवटी वाद्य येणार नसेल तर ऐकणाऱ्याला काय फरक पडतो.

बफर_भाऊ
किंवा सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करा आणि झोपा.

स्पष्टवक्ती
वाटच बघत होते हे कधी येतंय. सूर मशीनने लावायचा तर गायचं कशाला, टायपिंगच करा ना.

बफर_भाऊ
अहो गंमत केली. दुरुस्ती आपोआपवर सोडली की ती गंधाराला ओढून ४०० वरच नेते, म्हणजे काच घरी परत. चौघांवर लावली तर चौघांचे बारीक हेलकावेही एकसारखे दाबले जातात आणि झेरॉक्सची परत झेरॉक्स. हाताने एकेक सूर १४ खाली ओढता येतो, केलंय मी, पण एका मिनिटाच्या गाण्याला अख्खी दुपार गेली. परत गायला दहा मिनिटं लागली असती.

स्पष्टवक्ती
मग ठीक. (मी हे सगळं का वाचतेय कळत नाही पण वाचतेय.)

उरलासुरला
मागे राहिलेला मुद्दा: व्यंजनं. चौघांनी 'स' म्हटला की सापांचं संमेलन. शब्दाच्या शेवटचा त, क, ट तर चौघांचा चार वेगळ्या वेळी फुटतो. लीडनेच व्यंजन स्पष्ट म्हणायचं, बाकीच्यांनी गिळायचं. 'रात' असेल तर तिघांनी 'रा' वर थांबायचं, त एकट्या लीडचा. सुटा ऐकला तर बोबडा वाटेल, एकत्र ऐका. आणि एक कप कानावरून थोडा सरकवून गा, स्वतःचा खरा आवाज हवेतून कानात यायला हवा. दोन्ही कान गच्च बंद आणि आवाज मोठा असला की माझा तरी सूर उतरतोच. फक्त सरकवलेल्या कपातला आवाज माइकमध्ये सांडत नाही ना ते बघा.

चौघातला_मी
(दहा दिवसांनी) धागा वर काढतोय.

उरलासुरला म्हणाले तसं केलं. आधी बेस, मग टेनर, बॅरिटोन, हे सगळं एका कच्च्या लीडवर. मग कच्चा लीड पुसला आणि लीड शेवटी गायलो, आजोबांच्या लेस पॉलसारखा. खरं सांगतो, पहिल्यांदा कुणासोबत तरी गातोय असं वाटलं. आधीच्या वेळी मी चाल ठोकत सुटायचो, या वेळी बॅरिटोन कुठे श्वास घेतोय त्याची वाट बघितली. तो मीच होतो, गेल्या मंगळवारचा, पण वाट बघितली. मग बेस पुसून परत गायलो तर लक्षात आलं पहिला बेस सगळीकडे अर्धा पाऊल घाईत होता, त्याला बिचाऱ्याला सोबतच नव्हती.

घसरण दोन कडव्यांत मिळून दहाच्या आत आली. 'स' फक्त लीडचा. काच एकाच जागी वाजते अजून, जिथे कोमल निषाद आहे तिथे.

स्पष्टवक्ती ताई, तुमचं अर्धं पटलं. मंगळवारचा मी अजूनही माझं ऐकत नाही, पण त्याला पुसून बुधवारचा बसवता येतो. समूहात हे करून बघा!

स्पष्टवक्ती
समूहात दोघांच्या बाबतीत फार इच्छा आहे. नावं सांगणार नाही.

लसावि
कोमल निषाद कीबोर्डवर १०००, ७:४ ने ९६९. एकतीस सेंट खाली. इतका खाली की पहिल्यांदा भीती वाटते. बेस धरून हळूहळू उतरा, एका जागी ठोके एकदम थांबतात, तिथे थांबा.

उरलासुरला
आमच्या चौकडीचा जीव त्याच सुरात आहे. मिळाला की कळवा.

गंधारी
ऐकलं मी तुम्ही निरोपात पाठवलेलं. छान झालंय, खरंच फुललंय. एक विचारू? दुसऱ्या कडव्याच्या आधी कोणीतरी नाक ओढतंय, ते कोण?

चौघातला_मी
कालपासून शोधतोय. एकेकाला सुटं करून ऐकलं, चौघंही ओढतायत, एकाच मात्रेवर.

नुसताच_वाचक
आणि म्हणे जुळत नाही.